भरतीचे वेळापत्रक आणि लोकलचे वेळापत्रक

सोमवार

मुंबईतील लोकलचे रूळ पावसात कोठे बुडतात, हे कोणाला शोधून काढावे लागत नाही. मशीद, सँडहर्स्ट रोड, परळ, दादर, माटुंगा, शीव, कुर्ला, विद्याविहार, कांजूरमार्ग, भांडुप ही मध्य मार्गावरील नावे, चुनाभट्टी आणि वडाळा ही हार्बरवरील आणि वसई ते विरार हा पश्चिमेकडील पट्टा, अशी यादी दर जूनमध्ये वर्तमानपत्रांत येते आणि दर वर्षी तिच्यात थोडाफारच फरक पडलेला असतो. डोंबिवलीच्या एका प्रवासी संघटनेने यंदा ठरवले की या जागा भर पावसात, लोकलनेच फिरून पाहायच्या, तेथे रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांचे म्हणणे टिपून घ्यायचे आणि मगच रेल्वे प्रशासनाला निवेदन द्यायचे. निवेदनाचा मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, म्हणून मीही पास, छत्री आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही घेऊन निघालो.

सोबत संघटनेतील एक ज्येष्ठ कार्यकर्ते होते. त्यांची सारी नोकरी सिग्नल विभागात गेली आणि आता सगळा डबा त्यांना काका म्हणतो. काकांच्या खिशात लोकलच्या वेळापत्रकाशेजारी भरती-ओहोटीचे वेळापत्रकही असते आणि पावसाळ्यात ते आधी दुसरे उघडतात. त्या दुपारी साडेचार मीटरहून मोठी भरती होती, म्हणून त्यांनी मुद्दाम तीच वेळ धरली होती.

सीएसएमटीहून धीम्या गाडीने निघालो आणि गाडी नीट वेग घेते न घेते तोच मशीद आले. येथे ५ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी दोन लोकल पाण्यात अडकल्या होत्या. त्या दिवशी कुलाब्याला ताशी १०७ किलोमीटर वेगाचा वारा नोंदवला गेला होता. टाळेबंदीचा काळ असल्याने लोकलमध्ये केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचारी होते, आणि तरीही रेल्वे सुरक्षा दल व एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) यांना मिळून सुमारे २९० जणांना बाहेर काढावे लागले. एरवीच्या गर्दीत तोच प्रसंग आला असता तर आकडा किती झाला असता, याचा हिशेब काकांनी मांडला नाही आणि मीही विचारला नाही.

पाणी रुळांवर का चढते, याचे उत्तर पावसाइतकेच समुद्रातही आहे. शहराची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि तोही ओहोटीच्या वेळी वाहून नेईल, अशा बेताने बांधलेली होती. ही क्षमता ताशी ५० मिलिमीटरवर नेण्याची ‘ब्रिमस्टोवॅड’ योजना १९९३ मध्ये आखली गेली, पण तिला खरी गती २००५ च्या महापुरानंतर मिळाली. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही उदंचन केंद्रे, म्हणजे पाणी उपसून बाहेर टाकणारी पंपघरे, त्याच योजनेतली. मोठ्या भरतीला समुद्राचे पाणी उलटे शहरात शिरू नये म्हणून नाल्यांच्या मुखाशी असलेली दारे बंद करावी लागतात, आणि मग आतले पाणी पंपांनी जेवढे बाहेर फेकता येईल तेवढेच बाहेर जाते. त्यामुळे एकाच मापाचा पाऊस ओहोटीला पडला तर गाड्या दहा-पंधरा मिनिटे मागे पडतात आणि भरतीला पडला तर कुर्ला बंद होते. भरतीची वेळ महिनोन्‌महिने आधी ठाऊक असते. पाऊस किती पडेल हे नेमके सांगता येत नसले, तरी कोणत्या दिवशी कोणत्या तासांत धोका मोठा आहे, हे आदल्या दिवशी फलाटावर लिहिता येण्याजोगे आहे, आणि आमच्या वहीतील पहिली नोंद हीच झाली.

शीव आणि कुर्ल्याच्या मध्ये गाडी रेंगाळली. खाली खडी अजून दिसत होती, मात्र बाजूच्या गटारातील काळे पाणी रुळांच्या पातळीला आले होते. काका खिडकीतून सांधे दाखवत होते. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी पॉइंट मशीन रुळाच्या शेजारी, जवळजवळ जमिनीलाच बसवलेली असतात आणि पाणी आधी तेथे पोहोचते. गाडी कोठे आहे हे ओळखण्यासाठी रुळांमधून वाहणारा सौम्य विद्युतप्रवाहही पाण्यामुळे एका रुळातून दुसऱ्यात गळू लागतो. यंत्रणेला वाटते की तेथे गाडी उभी आहे, आणि ती मागचा सिग्नल लाल करते. शंका आली की लाल व्हायचे, हाच त्या यंत्रणेचा धर्म आहे. ‘सिग्नल बिघडला’ असे ऐकून डब्यात शिव्यांची लाखोली वाहिली जाते, तेव्हा पुष्कळदा सिग्नलने आपले काम चोख बजावलेले असते. काकांनी हे एवढ्या मायेने सांगितले की समोर बसलेल्या गृहस्थांनी मोबाइल खाली ठेवून ऐकले, आणि मग विचारले की हेच स्पीकरवरून सांगायला काय हरकत असते? काकांजवळ त्याला उत्तर नव्हते.

रूळच उंच का करत नाहीत, हा प्रश्नही कुर्ल्याच्या फलाटावर लगेच आला. काही ठिकाणी ते उंच केलेले आहेत, सांध्यांच्या मोटारी पाणी शिरणार नाही अशा बंदिस्त बसवल्या आहेत, रुळांखालून मायक्रोटनेलिंगने, म्हणजे वरचे रूळ न उखडता जमिनीत आडवे भोक पाडून, नळ टाकले आहेत. परंतु वर २५,००० व्होल्टची ओव्हरहेड वायर आहे आणि तिच्याही वर जुने पूल आहेत, त्यामुळे रूळ वर उचलायला मर्यादा आहे. शिवाय ठाण्यापासून कुर्ल्यापर्यंत पाचवी-सहावी मार्गिका आहे, पण कुर्ल्यापासून सीएसएमटीपर्यंत मुख्य मार्गावर चारच रूळ आहेत. त्यांतले दोन बुडाले की लांब पल्ल्याच्या गाड्या, जलद लोकल आणि धीम्या लोकल यांना एकाच वाटेने जावे लागते.

१९ ऑगस्ट २०२५ रोजी तीही वाट उरली नाही आणि सीएसएमटी ते ठाणे मुख्य मार्ग सुमारे आठ तास बंद राहिला. ठाण्यापलीकडे गाड्या चालू होत्या. कुर्ल्याच्या फलाटावर भेटलेल्या एका खासगी कंपनीतील लेखनिकांनी सांगितले की ठाण्यापुढे गाड्या आहेत हे त्यांना दादरला कळले असते तर ते दुपारीच बेस्टने ठाण्याकडे निघाले असते. ते कळले नाही म्हणून रात्रीपर्यंत ऑफिसच्या जिन्यात बसून राहिले. त्याच संध्याकाळी म्हैसूर कॉलनीजवळ मोनोरेल उंचावर बंद पडली. वीज आणि वातानुकूलन दोन्ही गेले आणि अग्निशमन दलाने काचा फोडून, शिड्या लावून ५८२ जणांना उतरवले. या दोन घटना मी वहीत एका पानावर लिहिल्या, कारण दोन्हींत प्रवाशाला हवी असलेली पहिली गोष्ट एकच होती: आपण कोठे अडकलो आहोत आणि येथून कधी निघणार, हे सांगणारा कोणीतरी अधिकारी आवाज.

मंगळवार

पश्चिम मार्गाचा दिवस. पाऊस सकाळी थांबून थांबून पडत होता आणि गाड्या जेमतेम पाच-सात मिनिटे उशिराने धावत होत्या, त्यामुळे चर्चगेटहून निघून प्रभादेवीला निवांत उतरता आले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, या स्थानकाचे नाव एल्फिन्स्टन रोड असताना, येथल्या पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. पाण्याने रूळ बुडाले म्हणून ते मेले नाहीत. अचानक सर आली, खाली उतरणारे लोक पावसात जायला नको म्हणून जिन्यातच थबकले, आणि पाठोपाठच्या गाड्यांतून आलेली माणसे मागून येतच राहिली. त्यानंतर सैन्याच्या अभियंत्यांनी येथे, करी रोडला आणि आंबिवलीला पूल उभारले. अरुंद जिन्याबद्दल प्रवाशांनी त्याआधी कितीतरी दिवस तक्रारी केल्या होत्या, ही गोष्ट मात्र पूल झाल्यावर फारशी कोणी आठवत नाही. पावसाळ्यातील रेल्वे म्हटले की आपण रुळांकडे पाहतो. फलाटाच्या छपराची लांबी आणि जिन्याची रुंदी यांनाही त्याच यादीत जागा हवी, असे मी लिहून ठेवले.

अंधेरीला गोखले पुलाखालून जाताना काकांनी ३ जुलै २०१८ ची आठवण काढली. पावसाळी सकाळी पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला, समोरून येणाऱ्या लोकलच्या मोटरमनने वेळीच आपत्कालीन ब्रेक लावला आणि गाडी अलीकडे थांबली. त्यानंतर मार्ग कित्येक तास बंद होता.

वसईच्या पुढे पाण्याचे रूप बदलते. येथे भरतीशी झगडणारे शहर मागे पडते आणि मिठागरे, पाणथळ जमीन, बुजत चाललेले ओहोळ आणि त्यांवर उभ्या राहिलेल्या इमारती सुरू होतात. पूर्वी ज्या वाटांनी पाणी खाडीला जात असे त्या वाटा अडल्या की ते रेल्वेच्या भरावाशी येऊन तुंबते आणि भरावाखालच्या मोऱ्या त्याला पुरत नाहीत. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला हेच झाले. वडोदरा एक्स्प्रेस तेथे अडकली आणि प्रवाशांना एनडीआरएफने बाहेर काढले. हा दोष एकट्या रेल्वेच्या माथी मारता येणार नाही. रुळांच्या कुंपणाबाहेरचा नाला महापालिकेचा, आतला रेल्वेचा, आणि पाणी दोघांचे, असा हा प्रकार आहे. नालासोपाऱ्याच्या फलाटावर एका महाविद्यालयीन मुलाने सांगितले की गाड्या थांबल्या की तो आधी मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात विचारतो आणि तिकीट खिडकीकडे जात नाही, कारण खिडकीवरच्या माणसालाही तेवढेच ठाऊक असते. प्रवाशांच्या गटात फोटो पडतात, पण गेल्या पावसाळ्यातले फोटोही पडतात. अधिकृत बातमी उशिरा आली की तिची जागा दुसरी कोणती तरी बातमी घेते, मग ती खोटी का असेना.

बुधवार

सकाळी पाऊस धो-धो होता आणि हवामान खात्याने नारिंगी इशारा दिला होता. बदलापूरला आमच्यात एक ताई सामील झाल्या. त्या मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका आहेत आणि पावसाने गाड्या बंद पडल्या तरी ज्यांना ‘आज येऊ नका’ असा फोन कधी येत नाही, अशांपैकी आहेत. उलट रात्रपाळीची बाई पोहोचली नाही तर दिवसपाळीच्या बाईला चोवीस तास उभे राहावे लागते. त्या पिशवीत नेहमी एक जादा गणवेश, बिस्किटे, पाण्याची बाटली आणि मोबाइलची बॅटरी बाळगतात. लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते, आणि तीन-चार तास दोन स्थानकांच्या मध्ये उभ्या राहिलेल्या महिलांच्या डब्यात त्याचा अर्थ काय होतो, हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितले की काका खिडकीबाहेर पाहू लागले. निवेदनात हे आडवळणाने लिहायचे नाही, स्पष्ट लिहायचे, असे ताईंनी मला बजावले.

बदलापूर सोडल्यावर उल्हास नदी रुळांच्या जवळ येते. चामटोलीच्या आसपास दोन्ही बाजूंनी भाताची खाचरे भरली होती आणि नदीचे पाणी गढूळ तांबडे झाले होते. २६ जुलै २०१९ च्या रात्री सीएसएमटीहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस येथेच, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, पुरात अडकली. सकाळ झाली तेव्हा गाडीभोवती सगळीकडे पाणी होते. एनडीआरएफ, नौदल, वायुदल आणि स्थानिक यंत्रणा यांनी मिळून १,०५० च्या आसपास प्रवाशांना सुखरूप बाहेर काढले. त्यांत गर्भवती महिलाही होत्या. एकही जीव गेला नाही, ही मोठी गोष्ट आहे आणि ती कमी लेखण्याचे कारण नाही. आसपासच्या गावांतील लोकही मदतीला धावले होते. वांगणी स्थानकावर रानभाज्यांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या एक आजी म्हणाल्या की नदी अशी चढते हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, पण गाडी सोडताना गावाला कोण विचारतो. त्यांचे म्हणणे मी जसेच्या तसे टिपले. नदीची पातळी मोजून गाडीचा वेग ठरवण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. कोकण रेल्वेवर माणगाव ते वीर दरम्यानची काळ नदी, सावित्री आणि वाशिष्ठी या पुलांवर पुराची सूचना देणारी यंत्रणा आहे, पानवल आणि मांडवीसारख्या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजला जातो आणि मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले की चालकाने गाडी ताशी ४० किलोमीटरने चालवावी असा दंडक आहे. तेथे पावसाळ्यापुरते वेगळे वेळापत्रकच लागू होते. वैभववाडीजवळ २००३ मध्ये आणि करंजाडीजवळ २००४ मध्ये दरडींमुळे झालेल्या भीषण अपघातांनंतर कोकण रेल्वेवर ही शिस्त अधिक कडक झाली. मुंबईच्या उपनगरी मार्गावर पावसाळी वेळापत्रक का नसावे, हा विषय संघटनेत पूर्वीही निघाला होता आणि ‘गाड्या कमी होतील’ या भीतीने मागे पडला होता. मला स्वतःला वाटते की मोठ्या भरतीच्या आणि लाल इशाऱ्याच्या दिवसांपुरता तरी तो पुन्हा काढायला हवा, कारण कागदावर असलेल्या आणि प्रत्यक्षात न सुटणाऱ्या गाडीच्या भरवशावर घराबाहेर पडण्यापेक्षा, कमी पण खात्रीच्या गाड्या परवडतात.

कर्जतला उतरून चहा घेतला. पुढे बोरघाट. १८६३ पासून गाड्या या घाटाने चढत आहेत आणि १:३७ च्या चढासाठी आजही कर्जतला मागून जादा इंजिने जोडावी लागतात. २०१९ च्या पावसाळ्यात मंकी हिल आणि नागनाथच्या दरम्यान झालेले नुकसान दुरुस्त व्हायला महिने लागले. आमचे काम लोकलच्या हद्दीतले असल्यामुळे येथून मागे फिरलो.

परतीच्या लोकलला दोन स्थानकांच्या मध्ये लाल सिग्नल मिळाला आणि गाडी उभी राहिली. सुरुवातीला कोणी लक्ष दिले नाही. मग पंखे मंदावल्यासारखे वाटले, कोणीतरी दारातून वाकून पुढे पाहिले, दोन तरुणांनी चपला हातात घेतल्या. अशा वेळी पहिला माणूस उतरला की मागून सगळा डबा उतरतो. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे रुळांवरून चालणे हा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकणारा गुन्हा आहे. अडकलेल्या गाडीतील माणसाला हे कलम आठवत नाही, त्याला फक्त पुढच्या फलाटाचे दिवे दिसतात. शेजारच्या रुळावरून गाडी येऊ शकते, पाण्याखाली उघडा नाला असू शकतो. काका उठून त्या तरुणांशी बोलायला जाणार, तेवढ्यात स्पीकरमधून गार्डचा आवाज आला. पुढच्या स्थानकात सांध्यावर पाणी आले आहे, कर्मचारी हाताने सांधा लावत आहेत, साधारण वीस मिनिटे लागतील, शेजारच्या मार्गावरून गाड्या चालू आहेत, कृपया उतरू नका, असे त्यांनी मराठीत आणि हिंदीत सांगितले आणि दहा मिनिटांनी पुन्हा एकदा सांगितले.

तरुणांनी चपला पायांत घातल्या. कोणीतरी शेंगदाण्याची पुडी काढली, ताईंनी रुग्णालयात फोन करून नेमकी वेळ कळवली, आणि समोरच्या बाकावर थांबलेला भजनाचा ठेका पुन्हा सुरू झाला. गाडी वीसऐवजी पस्तीस मिनिटांनी हलली, पण त्याबद्दल मला एकही तक्रार ऐकू आली नाही. त्या गार्डचे नाव विचारायचे राहिले, नाहीतर निवेदनाला त्यांच्या कौतुकाचे पत्रही जोडता आले असते. नव्या पद्धतीप्रमाणे त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, आणि त्या अर्ध्या तासात त्यांनी ते पद खरे करून दाखवले.

याच्या अगदी उलट अनुभव त्याच रात्री एका मोठ्या स्थानकावर आला. इंडिकेटरवर निघून गेलेल्या वेळेची गाडी तासभर लुकलुकत राहिली आणि ध्वनिमुद्रित आवाज दर काही मिनिटांनी ‘होणाऱ्या गैरसोयीबद्दल’ दिलगिरी व्यक्त करत राहिला. गैरसोय कोणती, हे त्याने शेवटपर्यंत सांगितले नाही.

गुरुवार

कसारा. कल्याणच्या पुढे कसाऱ्यापर्यंत वापरात दोनच रूळ आहेत, तिसऱ्याचे काम चालू आहे, त्यामुळे उत्तरेकडून येणारी प्रत्येक एक्स्प्रेस आणि प्रत्येक लोकल एकामागे एक जाते, आणि एक्स्प्रेस उशिरा आली की लोकल बाजूला काढली जाते. मुंबईत गाडी चुकली तर चार मिनिटांनी दुसरी येते. येथे एक लोकल रद्द झाली की तासाभराची निश्चिंती. जुलै २०२१ मध्ये उंबरमाळी स्थानकात फलाटाच्या उंचीपर्यंत पाणी आले होते आणि घाटात दरड कोसळून रूळ उखडले गेले होते. खर्डी आणि उंबरमाळीच्या प्रवाशांनी आमच्याजवळ एकच मागणी लावून धरली: मुंबईत काही झाले तरी कल्याण ते कसारा फेऱ्या चालू ठेवाव्यात, आणि त्या चालू आहेत हे मुंबईतल्या स्थानकांवरही सांगावे. पाऊस इतका होता की अधिक काही पाहता आले नाही.

शुक्रवार

दुपारी मुंब्र्यावरून येताना गाडी वळणावर कलली आणि दारात उभ्या असलेल्यांनी एकमेकांचे खांदे धरले. ९ जून २०२५ रोजी सकाळी येथेच समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतील प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले आणि त्यांतील काहींचा जीव गेला. त्यानंतर नव्या साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारी दारे बसवण्याचा निर्णय जाहीर झाला. पावसाशी याचा थेट संबंध नाही, पण पावसाने चार गाड्या रद्द झाल्या की पाचव्या गाडीच्या दारात जी गर्दी लोंबकळते ती याच गर्दीसारखी असते, आणि म्हणून मुंब्रा आमच्या मसुद्यात राहिले.

संध्याकाळी डोंबिवलीत एका सभासदाच्या घरी बैठक झाली. मी कच्चा मसुदा वाचून दाखवला आणि पहिल्याच परिच्छेदावर वाद सुरू झाला. एका वकील सभासदांचे मत होते की मागण्यांत नुकसानभरपाईला पहिले स्थान द्यावे. त्यांनी सप्टेंबर २०२१ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगितला. त्यात गाडी चार तास उशिरा पोहोचल्यामुळे विमान चुकलेल्या प्रवाशाला ३०,००० रुपये देण्याचा आदेश न्यायालयाने कायम ठेवला, आणि उशिराचे समाधानकारक कारण सिद्ध करण्याची जबाबदारी रेल्वेची आहे असे म्हटले. आरक्षित तिकिटाला तीन तासांहून अधिक उशीर झाला आणि प्रवास केला नाही तर टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरून पूर्ण पैसे परत मिळतात, मग महिन्याचे पैसे आगाऊ भरणाऱ्या पासधारकाने काय पाप केले आहे, असा त्यांचा सवाल होता. प्रश्न रास्त आहे. परंतु ताई त्याला तयार नव्हत्या. त्यांचे म्हणणे असे की पासाचा एक दिवसाचा हिशेब केला तर हाती पडणारे पैसे चहा-वड्याचे, आणि त्यासाठी सगळे निवेदन ‘प्रवासी पैसे मागतात’ या मथळ्याखाली छापले जाईल. दुसरे एक सभासद म्हणाले की पावसाचे कारण पुढे केले की न्यायालयातही प्रकरण लोंबकळेल, कारण पाऊस रेल्वेच्या हातात नाही. काकांनी तेथेच त्यांना अडवले आणि सांगितले की पाऊस हातात नसला तरी माइक हातात असतो.

मग २६ जुलै २००५ चा विषय निघाला, कारण बैठकीतील जवळजवळ सगळेच त्या दिवशी कोठे ना कोठे अडकलेले होते. चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच काळात कुलाब्याला केवळ ७३. फोर्टात आणि नरिमन पॉइंटला काम करणाऱ्यांना दुपारी खिडकीतून साधा पावसाळी दिवस दिसत होता. उत्तरेकडे काय चालले आहे हे कोणी सांगितले नाही म्हणून लाखो माणसे नेहमीच्या वेळी स्थानकांकडे निघाली आणि वाटेत अडकली. आज कुलाबा आणि वेरावली येथे हवामान खात्याची दोन डॉपलर रडार आहेत, महापालिकेची स्वयंचलित पर्जन्यमापके जागोजागी आहेत, पुराचा अंदाज देणारी ‘आयफ्लोज’ यंत्रणा जून २०२० पासून मुंबईत आहे. वीस वर्षांत माहिती गोळा करण्यात शहराने मोठी मजल मारली आहे, आणि ती फलाटावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत नेण्याचा शेवटचा टप्पा तेवढा तसाच राहिला आहे. मसुद्याचा पहिला परिच्छेद मी तेथेच बसून यावर लिहिला आणि या वेळी वाद झाला नाही.

मागण्या ठरल्या त्या अशा. गाडी दोन स्थानकांच्या मध्ये दहा मिनिटांहून अधिक थांबली तर कारण आणि अंदाजे वेळ डब्यात सांगावी आणि ती दर दहा मिनिटांनी पुन्हा सांगावी, मग सांगण्यासारखे नवे काही नसले तरी चालेल. मोठ्या भरतीच्या दिवशी कोणता टप्पा बंद पडल्यास कोठून कोठपर्यंत फेऱ्या चालतील, हे आदल्या संध्याकाळी स्थानकांवर लावावे. गाडी तासाहून अधिक अडकली तर वीजप्रवाह बंद करून, शेजारच्या मार्गावरील गाड्या थांबवून, सुरक्षा दलाच्या सोबतीने प्रवाशांना उतरवावे, आणि महिलांच्या डब्यापासून सुरुवात करावी. मार्ग बंद असताना लोकलचा पास बेस्ट, एसटी आणि मेट्रोमध्ये चालावा. पासाच्या परताव्याची मागणी शेवटी घातली. वकीलसाहेब हट्टाला पेटले होते आणि खरे सांगायचे तर ती पूर्णपणे गाळणे मलाही पटत नव्हते. विभागीय रेल्वे उपभोक्ता सल्लागार समितीत पावसाळ्यापूर्वी एक बैठक केवळ याच विषयावर घ्यावी, असेही लिहिले. ही समिती सल्ला देते, आदेश देऊ शकत नाही, हे ठाऊक असूनही तिचे इतिवृत्त लेखी राहते आणि पुढच्या वर्षी तेच पान उघडून विचारता येते, हा काकांचा मुद्दा सर्वांना पटला.

मध्येच कोणीतरी म्हणाले की एवढे सगळे लिहून होणार काय. त्याला उत्तर म्हणून स्थानकांवरील रुग्णवाहिकांचा दाखला निघाला. रुळांवर दोन्ही पाय गमावलेल्या एका कार्यकर्त्याने उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, म्हणून अपघातग्रस्तांसाठी स्थानकांवर रुग्णवाहिका आणि वैद्यकीय मदत कक्ष आले. जून २०२४ मध्येही लोकलमधील मृत्यूंबाबतच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वेला कडक शब्दांत सुनावले होते. ही कामे लवकर होत नाहीत, आणि ती आपोआप तर मुळीच होत नाहीत.

निवेदनाला आकड्यांची जोड हवी, असे ठरल्यावर पुढची मोठी भरती कोणत्या दिवशी आहे ते काकांनी खिशातला कागद काढून पाहिले आणि कामाची वाटणी झाली. ताई कामावर जाताना बदलापूर ते दादर टप्प्यात गाडी किती वेळा थांबली आणि किती वेळा उद्घोषणा झाली याची नोंद ठेवतील, नालासोपाऱ्याचा तो मुलगा त्याच्या मित्रांसह वसई ते विरार पाहील, वकीलसाहेब कुर्ल्याच्या फलाटावर उभे राहतील, खर्डीचे दोघे कसारा मार्ग सांभाळतील. नोंदीचा तक्ता एका पानात बसेल असा करून रविवारपर्यंत सर्वांना पाठवायचे काम माझ्याकडे आहे. त्यात गाडीची वेळ, थांबलेली जागा, थांबलेली मिनिटे, सांगितलेले कारण आणि ते कोणी सांगितले, एवढेच रकाने ठेवले आहेत.